वेड्याचे घर आणि त्याचे पाहुणे

मार्सेलिस हे नाव मराठी वाचकाच्या मनात एका उडीशी कायमचे जोडले गेले आहे. 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीतून ज्या बंदरात झेप घेतली, ते हे शहर. फ्रेंच उच्चाराप्रमाणे मार्सेय. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहराकडे परदेशी प्रवाशांची आणखी एक वाट वळली. ती बंदराकडे पाठ फिरवून दक्षिणेला जाते आणि बुलव्हार मिशले नावाच्या रुंद हमरस्त्यालगत एका अवाढव्य काँक्रीटच्या इमारतीपाशी थांबते. ही इमारत देऊळ नाही, राजवाडा नाही, कोणा थोर पुरुषाचे जन्मस्थानही नाही. तिथे माणसे राहतात, एवढेच तिचे प्रयोजन. तरीही जगभरातून लोक ती पाहायला येतात, आणि त्यांतले बरेचसे वास्तुकलेचे विद्यार्थी असतात.

ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्प्याने 1947 ते 1952 या काळात ही इमारत उभी केली. तिचे अधिकृत नाव ‘युनिते दाबितासियाँ’, म्हणजे ‘निवासाचे एकक’. नाव कोरडे आहे, परंतु त्यामागचा आवेश कोरडा नव्हता. सुमारे 137 मीटर लांब, 24 मीटर रुंद आणि 56 मीटर उंच अशी ही वास्तू जमिनीला टेकलेली नाही. खाली निमुळत्या होत गेलेल्या जाडजूड खांबांच्या रांगांवर ती तोललेली आहे आणि त्या खांबांमधून पलीकडची झाडे दिसतात. आत 23 प्रकारच्या 337 सदनिका, मध्यावर दुकानांचा रस्ता, एक छोटे हॉटेल, वर बालवाडी, आणि सर्वांच्या माथ्यावर गच्ची. सोळाशे माणसांचे एक उभे गाव वसवावे, असा हा संकल्प होता.

बाहेरून आलेल्याला काय पाहता येते, हे ठरलेले आहे. गच्ची आणि दुकानांचा मजला यांवर फेरफटका मारता येतो. पर्यटन कार्यालयाचे तिकीट काढून मार्गदर्शकाबरोबर गेल्यास मूळ स्वरूपात जपलेली एक सदनिकाही दाखवतात. उरलेली दारे बंद असतात. ती बंद असावीत हे उघडच आहे. परक्याच्या घरात कोणी डोकावत नाही. पण या इमारतीच्या बाबतीत त्या बंद दारांना काहीसा वेगळा अर्थ आहे. त्यासाठी तिचा इतिहास मागे, थेट 1907 सालापर्यंत न्यावा लागतो. त्या वर्षी तिचा कर्ता स्वतःच एक पर्यटक होता.

स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों हे घड्याळे बनवणाऱ्यांचे गाव. तिथला शार्ल-एदुआर जानरे नावाचा मुलगा विशीच्या उंबरठ्यावर असताना इटलीच्या अभ्यासदौऱ्यावर निघाला. पुढे ज्याने ल कॉर्बुझिए हे नाव धारण केले तो हाच. फ्लॉरेन्सजवळ एमा नदीच्या खोऱ्यात, गाल्लुत्सो येथील टेकडीवर तेव्हा कार्थूसिअन संन्याशांचा एक मठ होता. तो त्याने पाहिला, आणि चार वर्षांनी, 1911 साली, पुन्हा जाऊन पाहिला. या पंथातील संन्यासी मौन पाळतात आणि एकांतात राहतात, मात्र एकाच प्राकारात. प्रत्येकाला स्वतंत्र लहानसे घर, त्याला स्वतःची बाग, तिथून खाली दरीचे दर्शन. दाराशेजारी भिंतीत एक झरोका असतो. जेवण त्यातून आत सरकवले जाते, म्हणजे देणाऱ्याने घेणाऱ्याचे मौन मोडू नये. घरे ओवरीने जोडलेली, प्रार्थना सर्वांची एकत्र. एकटेपणा आणि सहवास यांचा असा मेळ त्या तरुणाने आधी कुठे पाहिला नव्हता. तो भाविक नव्हता. परंतु मठातले हे जीवन कामगाराला किंवा कारकुनाला का मिळू नये, हा प्रश्न त्याच्या डोक्यात शिरला आणि मार्सेयच्या इमारतीचे बीज या भेटीत असल्याचे तो स्वतः पुढे सांगत राहिला.

अर्थात एका मठातून एवढी मोठी इमारत निघत नाही. मधल्या चाळीस वर्षांत त्यात बरेच काही मिसळले. महासागरी बोटींचे त्याला वेड होते. हजारो माणसे आठवडेच्या आठवडे एका कवचात सुखाने राहतात, प्रत्येकाला आपली खोली आणि सर्वांना मिळून एक डेक, हे त्याला फार मोलाचे वाटे. 1928 साली तो मॉस्कोला गेला, तेव्हा मोइसेई गिन्झबुर्ग आणि त्याचे सहकारी सामूहिक निवासाचे प्रयोग करत होते. एका मार्गिकेवरून वरखालच्या मजल्यांवरील घरांत शिरण्याची त्यांची युक्ती मार्सेयमध्ये अधिक परिपक्व रूपात दिसते. आणि सोळाशे हा आकडा? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शार्ल फुरिए या स्वप्नाळू समाजचिंतकाने आपल्या कल्पित वसाहतीसाठी जवळजवळ हीच लोकसंख्या सुचवली होती. फ्रेंच आदर्शवाद्यांची स्वप्ने बहुधा आकड्यांसकट वारशाने मिळत असावीत.

तरीही युद्ध झाले नसते, तर हे सारे कागदावरच राहिले असते. जानेवारी 1943 मध्ये जर्मन सैन्याने आणि फ्रेंच पोलिसांनी मिळून मार्सेयच्या जुन्या बंदरालगतची वस्ती वेढली. सुमारे 20,000 माणसांना घराबाहेर काढण्यात आले, शेकडोंना छळछावण्यांकडे रवाना करण्यात आले आणि फेब्रुवारीत जवळजवळ 1,500 इमारती सुरुंग लावून पाडण्यात आल्या. अरुंद गल्ल्यांची ती वस्ती म्हणजे रोगराईचे आणि गुन्हेगारीचे आगर, असे आधीपासूनच म्हटले जात होते; विध्वंस करणाऱ्यांना ते सोयीचे पडले. युद्धानंतर शहर बाँबफेक आणि सुरुंग या दोहोंनी विद्रूप झालेले होते. 1945 साली पुनर्रचना मंत्री राउल दोत्री यांनी ल कॉर्बुझिएला मार्सेयमध्ये मोठी निवासी इमारत बांधण्यास सांगितले. ज्याने तोवर नगरांचे आराखडे रचले, पुस्तके लिहिली आणि भांडणे केली, त्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला शासनाकडून मिळालेले असे हे पहिलेच मोठे काम.

इथे एक गोष्ट गाळून चालणार नाही. 1941 च्या आरंभापासून 1942 च्या मध्यापर्यंत, म्हणजे सुमारे दीड वर्ष, ल कॉर्बुझिए विशी येथे तळ ठोकून होता. हिटलरशी सहकार्य करणाऱ्या पेतांच्या राजवटीकडून नगररचनेचे काम मिळावे म्हणून तो खटपट करत होता. काम मिळाले नाही, तेव्हा तो पॅरिसला परतला. 2015 साली, त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाली असता, या प्रकरणावर फ्रान्समध्ये नवी पुस्तके निघाली आणि वादळ उठले. त्याच सुमारास पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्याच्या कार्याचे मोठे प्रदर्शन भरले होते. एका राजवटीपुढे ताटकळलेला माणूस तिला उलथून आलेल्या राजवटीकडून काम मिळवतो. बेघरांसाठी घर बांधतो, आणि ते चांगले बांधतो. यातली एक बाजू दुसरीला पुसून टाकत नाही. मुक्कामी येणाऱ्या प्रवाशाला या दोन्ही बाजू ठाऊक असाव्यात, एवढीच अपेक्षा करता येते.

14 ऑक्टोबर 1947 रोजी पायाचा दगड बसला आणि बरोबर पाच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1952 रोजी, मंत्री युजेन क्लोदिअस-पेती यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. मधल्या काळात सरकारे आली आणि गेली, खर्च वाढला, वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. प्रायोगिक काम म्हणून या इमारतीला नेहमीच्या बांधकाम नियमांतून सूट देण्यात आली होती, आणि त्यामुळे विरोधकांचा संताप दुणावला. देशाच्या सौंदर्यरक्षणाचा वसा घेतलेल्या एका संस्थेने न्यायालयात धाव घेतली. तिची मागणी फेटाळली गेली. अशा घरात राहणाऱ्यांची डोकी फिरतील, असे भाकीतही तज्ज्ञांच्या तोंडून निघाले. मार्सेयच्या रस्त्याने या सर्वांवर कडी केली आणि इमारतीला एक नाव दिले: ‘मेझों द्यु फादा’, म्हणजे वेड्याचे घर. प्रोव्हाँसच्या बोलीत ‘फादा’ म्हणजे ज्याला पऱ्यांनी स्पर्श केला आहे तो. मराठीत याला ‘झपाटलेला’ हा शब्द अधिक जवळचा. शिवी म्हणून पडलेले हे नाव पुढे लाडाचे झाले.

जुन्या बंदराची उद्‌ध्वस्त जागाही याच काळात पुन्हा बांधली जात होती. त्यात मोठा वाटा फेर्नाँ पुइयों या वास्तुशिल्प्याचा होता, आणि तो दगडात बांधत होता. वेग आणि काटकसर यांबद्दल त्याची ख्याती होती. त्याच्या इमारती शहराच्या अंगाशी अशा मिसळून गेल्या आहेत की बंदरावर मासळी पाहत हिंडणारा पर्यटक त्यांच्यासमोरून जातो आणि आपण काही पाहिले हे त्याच्या ध्यानातही येत नाही. त्यांना पाहण्यासाठी तिकीट नाही. घराने असेच असावे, असे म्हणणारा पक्षही फ्रान्समध्ये आहे, आणि त्याचे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही.

युनितेच्या खडबडीत पृष्ठभागाविषयी एक गैरसमज पाहणाऱ्यांच्या मनात असतो की हा रांगडेपणा आरंभापासून ठरवलेला होता. वस्तुतः युद्धोत्तर टंचाईत पोलादाचा सांगाडा शक्य नव्हता, म्हणून काँक्रीट आले. ते ओतले गेले लाकडी फळ्यांच्या साच्यांत. फळ्यांचे रेषारेषांचे ठसे, सांधे, गाठी, कुठे चुकलेली कड, हे सारे काँक्रीटवर उमटून राहिले. गिलावा करून ते झाकायचे, की तसेच ठेवायचे? ल कॉर्बुझिएने ते तसेच ठेवले आणि माणसाच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांशी त्याची तुलना केली. पुढे जगभर पसरलेल्या एका शैलीचे नाव या ‘कच्च्या काँक्रीट’वरून पडले. सज्जांच्या आतल्या बाजूच्या भिंतींना लाल, पिवळा, हिरवा, निळा असे रंग आहेत. समोरून पाहताना ते पूर्ण दिसत नाहीत. रस्त्याने चालू लागले की एकेक उघडत जातात.

आता आत शिरावे. लिफ्टपाशी भाजीची पिशवी घेतलेला रहिवासी आणि कॅमेरा घेतलेला परदेशी एकत्र उभे राहतात. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नाही, कारण प्रत्येक मजल्याला मार्गिकाच नाही. दर तीन मजल्यांमागे साधारण एक, अशा या मार्गिकांना ल कॉर्बुझिएने ‘आतले रस्ते’ म्हटले. रस्ता म्हणणे हे कविस्वातंत्र्य झाले. तिथे आकाश नाही, खिडकी नाही. इमारतीच्या पोटातून गेलेला तो लांबलचक, मंद उजेडाचा बोळ आहे आणि दोन्ही बाजूंना रंगीत दारे आहेत. मुंबईच्या चाळीची गॅलरी ज्याने पाहिली आहे, त्याला इथे चुकल्यासारखे वाटेल. चाळीत गॅलरी बाहेर असते, उजेडात असते. तिथे दळण निवडले जाते, भांडणे होतात, लग्ने ठरतात, आणि घरात मात्र पाठ टेकायलाही आडोसा नसतो. मार्सेयमध्ये नेमके उलट केले आहे. सार्वजनिक वाट अंधारात ढकलली आणि दोन्ही बाजूंचा सारा उजेड घरांना देऊन टाकला.

म्हणून दार उघडले की खरा चमत्कार घडतो. एकेक सदनिका इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखी आहे आणि अशा दोन सदनिका मार्गिकेभोवती एकमेकींत गुंफलेल्या आहेत. एकीत शिरून वर चढायचे, दुसरीत शिरून खाली उतरायचे. नेहमीच्या सदनिकेला दोन टोके: एक पूर्वेकडे, जिथे डोंगर आहेत, एक पश्चिमेकडे, जिथे समुद्र आहे. घराची रुंदी अवघी 3.66 मीटर, परंतु बैठकीची खोली 4.80 मीटर उंच, आणि तिच्या टोकाशी काचेची भिंत. मुलांच्या दोन खोल्या शेजारी शेजारी, प्रत्येक 1.83 मीटर रुंद. त्यांच्यामधले सरकते दार म्हणजे खडूने लिहिण्याचा फळा आहे. तो सरकवला की दोन कोठड्यांचे एक अंगण होते. दोन्ही टोकांना खोल सज्जे आहेत, ते उन्हाळ्यातले चढे ऊन अडवतात आणि हिवाळ्यातले कलते ऊन आत येऊ देतात. उत्तरेची भिंत मात्र आंधळी ठेवली आहे, कारण तिकडून मिस्त्राल नावाचा बोचरा वारा येतो.

ही मापे आली कुठून? ल कॉर्बुझिएने ‘मोदुलोर’ नावाची प्रमाणपद्धती सिद्ध केली होती. तिच्या केंद्रस्थानी एक पुरुष उभा आहे. त्याची उंची 1.83 मीटर आणि वर केलेल्या हाताच्या बोटांपर्यंतची उंची 2.26 मीटर. घरातल्या खालच्या छतांची उंची तीच. इमारतीच्या काँक्रीटमध्ये या पुरुषाची आकृती उमटवलेली आहे आणि तिच्यासारखा हात वर करून छायाचित्र काढून घेणे हा तिथला एक विधीच झाला आहे. आधी हा पुरुष 1.75 मीटरचा होता. इंग्रजी रहस्यकथांतले रुबाबदार पुरुष नेहमी सहा फूट असतात असे एका सहकाऱ्याने सुचवले आणि तो वाढला, ही हकीकत ल कॉर्बुझिएनेच ग्रंथित केली आहे. सार्वत्रिक मानवाची उंची रहस्यकथेतून यावी, आणि तो मानव पुरुषच असावा, याचा त्याला संकोच वाटलेला दिसत नाही. घरातील जी जागा आजही सर्वांत कौतुकाने पाहिली जाते ती मात्र एका स्त्रीच्या विचारातून आली आहे. स्वयंपाकघराच्या रचनेत शार्लोत पेरियाँ हिचा वाटा मोठा होता. हात पुरेल तिथे सर्व काही, आणि बैठकीकडे उघडणारा ओटा, म्हणजे रांधणारी व्यक्ती संभाषणाबाहेर पडू नये. घरातला जिना झाँ प्रूव्हेचा. स्वयंपाकघराच्या भिंतीत मार्गिकेकडून उघडणारा एक कप्पा आहे. बर्फ किंवा वाणसामान पोहोचवणाऱ्याने ते त्यात ठेवून जावे. गाल्लुत्सोच्या मठातला तो झरोका इथे चाळीस वर्षांनी पुन्हा भेटतो.

आणि मौन? तेही आले आहे, पण ते दिसत नाही. इमारतीची कल्पना ल कॉर्बुझिए बाटल्यांच्या मांडणीवरून समजावत असे: काँक्रीटचा सांगाडा म्हणजे मांडणी आणि प्रत्येक घर म्हणजे तीत सरकवलेली बाटली. घरे सांगाड्याला थेट चिकटलेली नाहीत. टेकण्याच्या जागी शिशाच्या गाद्या घातल्या आहेत, म्हणजे एका घरातला आवाज सांगाड्यातून दुसऱ्या घरात जाऊ नये. त्या काळी सामान्यांच्या घरांसाठी एवढा विचार, आणि एवढा खर्च, क्वचितच कोणी केला असेल. सोळाशे शेजारी असूनही शेजाऱ्याचा खोकला ऐकू न येणे ही या वास्तूची सर्वांत मोठी कमाई मानावी लागेल. गच्चीवरची शिल्पासारखी धुराडी, रंगीत सज्जे, खांबांची रांग यांची छायाचित्रे निघतात. शिशाच्या गादीचे छायाचित्र निघत नाही. पाहण्याच्या सदनिकेत पंधरावीस माणसे उभी राहून कुजबुजत असतात, तेव्हा तर ती शांतता तिथे असतच नाही. ज्या गुणासाठी हे घर बांधले गेले, तो गुण पाहुणा आत येताच मावळतो.

रहिवाशांचा इतिहास पर्यटकांच्या पुस्तिकांत थोडक्यात येतो. मूळ कल्पना युद्धात घरे गमावलेल्यांना इथे भाड्याने ठेवण्याची होती. ती टिकली नाही. पन्नाशीच्या दशकातच शासनाने सदनिका विकायला काढल्या आणि त्या घेणारे मुख्यतः सरकारी नोकर, शिक्षक, मध्यम परिस्थितीतले व्यावसायिक असे होते. ज्यांच्या नावाने इमारत उभी राहिली त्यांच्या हाती ती फारशी आली नाही. पण जे आले त्यांनी ती मनापासून आपली केली, हेही खरे. त्यांनी आपली संघटना काढली. बालवाडीतून पोरे वर गच्चीत जाऊन उथळ हौदात डुंबू लागली. सुमारे तीनशे मीटरच्या धावपट्टीवरून माणसे पळू लागली. भाकिताप्रमाणे कोणी वेडे झाले नाही.

फसले ते दुकानांचे. सातव्या-आठव्या मजल्यांच्या उंचीवर टांगलेला तो बाजार रस्त्यावरच्या माणसाला दिसतच नव्हता आणि सोळाशे माणसांच्या गिऱ्हाइकीवर कसाई, पाववाला, वाणी यांचा संसार चालेना. शिवाय मार्सेयसारख्या शहरात बाजाराला जाणे म्हणजे केवळ जिन्नस आणणे नव्हे. हळूहळू दुकानांच्या जागी कचेऱ्या आल्या, वास्तुकलेच्या पुस्तकांचे दुकान आले. हॉटेलची कथा याहून बोलकी आहे. घरे आटोपशीर असल्यामुळे रहिवाशांकडे आलेल्या सोयऱ्याधायऱ्यांच्या मुक्कामासाठी या खोल्या होत्या. त्यांत पुढे ज्यांचा इमारतीत एकही सोयरा नाही असे प्रवासी उतरू लागले.

वास्तूचे स्मारक होण्याची प्रक्रिया पायरीपायरीने झाली. 1964 साली तिची नोंद संरक्षित वास्तूंच्या यादीत झाली. 1986 साली दर्शनी भाग, गच्ची, प्रवेशदालन व मार्गिका यांना ऐतिहासिक स्मारकाचा पूर्ण दर्जा मिळाला. 1995 साली क्रमांक 643 ची सदनिका आतल्या सामानसुमानासह त्यात आली. जुलै 2016 मध्ये युनेस्कोने ल कॉर्बुझिएच्या सात देशांतील सतरा वास्तू जागतिक वारशात घेतल्या, त्यांत ही आहे आणि चंडीगढचा कॅपिटॉल परिसरही आहे. गच्चीवरील व्यायामशाळेत 2013 साली कलादालन उघडले. दर्जा वाढत गेला तसे घरमालकाचे स्वातंत्र्य आकुंचत गेले, कारण स्मारकाचा सज्जा मन मानेल त्या रंगात रंगवता येत नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये लागलेल्या आगीत काही सदनिका आणि हॉटेलच्या काही खोल्या होरपळल्या, तेव्हा जगभर बातमी गेली ती एका महान वास्तूला इजा झाल्याची. ज्यांची अंथरुणे-पांघरुणे जळाली त्यांना ती बातमी काहीशी चमत्कारिक वाटली असेल.

या इमारतीचे पहिले नामवंत पाहुणे 1953 च्या उन्हाळ्यात आले होते. जवळच्या एक्स-आँ-प्रोव्हाँस येथे आधुनिक वास्तुशिल्प्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती आणि तिच्या प्रतिनिधींनी युनितेच्या गच्चीवर रात्र जागवली. त्याच परिषदेत मोरोक्कोतील झोपडवस्त्यांचा अभ्यास मांडण्यात आला. तो मांडणाऱ्या गटातला झॉर्झ कांदिलिस याने मार्सेयच्या बांधकामावर काम केलेले होते. गरिबांची घरे सहा फुटी पुरुषाच्या मापाने नव्हे, त्यांच्या स्वतःच्या राहणीवरून ठरावीत, असा सूर त्या अभ्यासात होता. म्हणजे इमारत पुरी होऊन वर्षही उलटले नव्हते, तोच तिच्याच कुशीतून तिच्यावरचा आक्षेप निघाला.

फ्रान्सच्या शासनाने मात्र त्यातला सर्वांत सोपा धडा गिरवला. ल कॉर्बुझिएला रेझे, बर्लिन, ब्रिए आणि फिर्मिनी येथे आणखी चार युनिते बांधायला मिळाल्या, आणि त्यांचेही नशीब सारखे नव्हते. 1980 च्या दशकात ब्रिएची इमारत ओस पडून पाडली जाण्याच्या बेतात होती आणि फिर्मिनीची अर्धी बंद ठेवावी लागली. परंतु 1950 आणि 60 च्या दशकांत शहराशहरांच्या कडेला ज्या प्रचंड वसाहती उठल्या, त्यांनी युनितेचा केवळ आकार घेतला. शिसे घेतले नाही, शाळेची गच्ची घेतली नाही, दोन्ही बाजूंचा उजेड घेतला नाही. मार्सेयच्या उत्तर भागात अशा इमारतींच्या रांगा आहेत. तिकडे तिकिटाची सहल जात नाही. आणि जुन्या शहराच्या मध्यभागी, ओबान्य रस्त्यावर, 5 नोव्हेंबर 2018 रोजी दुर्लक्षित जुनी घरे कोसळून आठ माणसे मृत्युमुखी पडली. घराचा प्रश्न सोडवून दाखवण्यासाठी ज्या शहरात शासनाने एक आदर्श उभारला, तिथे सहासष्ट वर्षांनी तो प्रश्न तसाच उभा होता.

भारतात ल कॉर्बुझिएने युनिते बांधली नाही. चंडीगढमध्ये त्याने विधानसभा, सचिवालय, उच्च न्यायालय रचले. कर्मचाऱ्यांची घरे प्रामुख्याने पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू यांनी केली, आणि ती बैठी, विटांची होती. परंतु मार्सेयची इमारत पुरी होत असताना पॅरिसच्या र्यू द सेव्र येथील कार्यालयात एक भारतीय तरुण येऊन बसला होता. 1927 साली पुण्यात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी. 1951 पासून काही वर्षे ते तिथे होते. मग अहमदाबादला परतले. सामान्यांच्या घरांचा विचार त्यांनीही आयुष्यभर केला. 1980 च्या दशकात इंदूरजवळ ‘अरण्य’ वसाहतीची आखणी करताना त्यांनी जे केले ते गुरूच्या अगदी विरुद्ध होते. सुमारे 6,500 भूखंडांच्या त्या वसाहतीत गरिबाला पुरे घर दिलेच नाही. जोते, न्हाणी-संडास, फार तर एक खोली. पुढचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या रीतीने बांधावे. माणसांनी ओटे काढले, जिने चढवले, मन मानेल ते रंग दिले. मार्सेयमध्ये खिडकीची कडीसुद्धा वास्तुशिल्प्याने ठरवली होती. अरण्यात वास्तुशिल्पी योग्य वेळी बाजूला झाला, आणि त्यामुळे त्या घरांना ‘मूळ स्वरूप’ असे काही उरलेच नाही, जे जपून कोणाला दाखवता येईल. तरीही ज्याला आपण विरोध केला ते नीट शिकावे लागते. दोशींनी ते शिकून घेतले होते.

मार्सेयची सहल बहुधा गच्चीवर संपते. कठडा मुद्दाम असा उंच घेतला आहे की आजूबाजूचे शहर झाकले जावे, आणि उरावेत ते फक्त डोंगर आणि समुद्र. पाहुणे तिथे रेंगाळतात. मग लिफ्टने खाली येताना मधल्या एखाद्या मार्गिकेवर लिफ्ट थांबते, कोणी रहिवासी उतरतो आणि मंद उजेडात आपल्या रंगीत दाराकडे चालू लागतो. किल्ली फिरण्याचा आवाज येतो, दार लागते आणि त्यानंतर आतले काहीही ऐकू येत नाही.